नऊ नॉटचा कॉन्व्हॉय

एका बाजूला इटलीच्या दोन जड क्रूझर आणि दहा विनाशिका. दुसऱ्या बाजूला ब्रिटिशांच्या दोन हलक्या क्रूझर आणि दोन विनाशिका. पहिल्या बाजूला सांभाळायची होती सात मालवाहू जहाजं. तासाभरात ती सातही गेली, सोबतीची एक विनाशिका गेली आणि हल्ला करणाऱ्यांचा एकही माणूस दगावला नाही. 9 नोव्हेंबर 1941 ची मध्यरात्र, जागा सिसिलीतल्या सिराक्यूज बंदरापासून पूर्वेला साधारण 135 मैल (इथले सगळे मैल सागरी, एक मैल म्हणजे 1,852 मीटर). अशा पहाऱ्यात एकत्र चालणाऱ्या ताफ्याला कॉन्व्हॉय म्हणतात; त्यातल्या एका जर्मन जहाजावरून या लढाईला डुइसबुर्ग कॉन्व्हॉय असं नाव पडलं.

मी मर्चंट नेव्हीतला. उमेदीची सगळी वर्षं टँकर आणि बल्क कॅरिअरवर गेली. लढाऊ जहाजाच्या ब्रिजवर मी पाहुणा म्हणूनच उभा राहिलोय. तरी या लढाईबद्दल जे जे हाती आलं ते वाचत गेलो आणि दर वेळी एक गोष्ट खटकत राहिली. सगळ्यांचा सूर एकच: इटालियन झोपले होते, त्यांचे अधिकारी कच्चे, मालवाहू जहाजं तर मेंढरासारखी उभी राहिली. सोबत नकाशे असायचे. त्यात इकडून तिकडे जाणारे जाडजूड बाण. ब्रिजवर उभ्या राहिलेल्या माणसाला बाणाचा मोठा राग येतो, कारण बाण कुठून कुठे गेला ते कळतं, किती वाजता कुठे होता ते कळत नाही. म्हणून ठरवलं की ही रात्र आपणच प्लॉटिंग शीटवर, म्हणजे जहाजांच्या जागा आणि वेळा मांडायच्या कागदावर, उतरवायची.

एक्डिस, म्हणजे पडद्यावरचा इलेक्ट्रॉनिक नकाशा, आल्यापासून पॅरलल रुलर आणि डिव्हायडर कपाटातच पडून होते. ते काढले, 2बी पेन्सिलींना टोक केलं, आणि डायनिंग टेबलवर शीट पसरली. बायकोने विचारलं, "आता घरातही वॉच का?" मी म्हटलं, "बारा ते चारचा." ती झोपायला गेली.

आधी लांबचा हिशेब. ब्रिटिशांचा फोर्स के हा छोटा ताफा 21 ऑक्टोबर 1941 ला माल्टाला येऊन दाखल झाला होता. क्रूझर ऑरोरा आणि पेनेलोपी, विनाशिका लान्स आणि लाइव्हली. कमांड ऑरोराच्या कॅप्टन विल्यम अॅग्न्यूकडे. 8 नोव्हेंबरच्या दुपारी माल्टाच्या एका मेरीलँड विमानाने इटलीहून निघालेला कॉन्व्हॉय पाहिला आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, अंधार पडता पडता, हे चौघे वॅलेटाबाहेर पडले. विमानाने पाहिलं हे खरं, पण त्या काळात इटालियन आरमाराचे यंत्रावर सांकेतिक केलेले संदेश ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडणाऱ्या केंद्रात वाचले जात होते, तेव्हा माल्टात कुणी नुसतं नशिबावर बसलेलं नव्हतं. रात्री 12 वाजून 39 मिनिटांनी ऑरोरावरून काळ्या आकृत्या दिसल्या. 37 उत्तर अक्षांश, 18 पूर्व रेखांशाच्या आसपासची ती जागा वॅलेटापासून मोजली तर 180 मैल भरते. सात तासांत 180 मैल म्हणजे सरासरी 25 नॉटच्या वर (एक नॉट म्हणजे तासाला एक मैल). प्रत्यक्षात ते 28 नॉटने धावत होते असं वाचलं होतं. बंदरातून बाहेर पडणं आणि वाटेतली शोधाशोध धरली तर तो आकडा पटतो.

आता कॉन्व्हॉय. नेपल्सहून निघून, मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडून, माल्टाला पूर्वेकडून लांबचा वळसा घालत लिबियातल्या ट्रिपोलीला जायचं, असा बेत. हा वळसा माल्टाच्या विमानांपासून दूर राहण्यासाठी. जहाजं दोन रांगांत, जवळजवळ दक्षिणेकडे तोंड करून, 9 नॉटने चाललेली. डुइसबुर्ग, सान मार्को, मारिया, सजित्ता, रीना कोराडो ही मालाची. कोंते दि मिसुराता आणि मिनातित्लान हे टँकर. पोटात 389 वाहनं, 17 हजार टनांहून जास्त इंधन, दारूगोळा आणि फौजेची माणसं. अवतीभवती सहा विनाशिका, त्यांचा प्रमुख माएस्त्राले या विनाशिकेवरचा कॅप्टन उगो बिश्यानी. आणि उजव्या अंगाला, काही मैल अंतर राखून, रिअर अॅडमिरल ब्रुनो ब्रिव्होनेसीच्या दोन जड क्रूझर, ट्रिएस्टे आणि ट्रेंटो, सोबत आणखी चार विनाशिका.

नऊ नॉट हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो. आमच्याकडे प्लॉटिंग शिकवताना सहा मिनिटांचा ठोका वापरतात, कारण सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा हिस्सा. वेगाच्या आकड्यात एक दशांश चिन्ह सरकवलं की अंतर तयार. कॉन्व्हॉय सहा मिनिटांत 0.9 मैल. फोर्स के, लढताना 20 नॉटवर आलेला, सहा मिनिटांत 2 मैल. शीटवर कॉन्व्हॉयचे ठिपके एकमेकांना चिकटून पडत गेले, फोर्स केचे लांब लांब. रात्र कशी जाणार ते पहिल्या चार ठिपक्यांतच कळू लागलं.

क्रूझरचा मार्ग काढताना मात्र घाम फुटला. जड क्रूझरना 9 नॉटने चालवणं म्हणजे पाणबुडीला आमंत्रण, म्हणून त्या 12 नॉटने नागमोडी चालत होत्या. वेगाने जायचं, पण पुढे जायचं नाही; मग जास्तीचं अंतर आडवंतिडवं फिरून जिरवायचं. अशा नागमोडी चालीत दोन गोष्टी होतात. एका पायरीला तुम्ही कॉन्व्हॉयच्या जवळ असता, दुसऱ्या पायरीला लांब. आणि कॉन्व्हॉयमधल्या माणसाला तुम्ही नक्की कुठे आहात ते कधीच ठाऊक नसतं, फक्त 'स्टारबोर्डला (उजवीकडे), मागच्या अंगाला कुठेतरी' एवढंच ठाऊक असतं. हे 'कुठेतरी' मी शीटवर तुटक रेघांनी एका लांबट वर्तुळात दाखवलं. पुढे सगळी लढाई या वर्तुळाभोवती फिरणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

मंद कॉन्व्हॉयबरोबर जलद जहाजाने चालणं किती जिवावर येतं ते मी अनुभवलंय. एडनच्या आखातात सोमाली चाच्यांचा काळ होता तेव्हा 2009 पासून जहाजांना ठराविक मार्गाने, वेगाप्रमाणे गट करून नेत असत. दहा नॉटवाले वेगळे, बारावाले वेगळे, अठरापर्यंत. वेगाप्रमाणे गट का पाडले असतील हे तिथे एक रात्र काढली की कुणी समजावून सांगावं लागत नाही. पुढचा जरा मंदावला की मागच्याचं इंजिन कमी, परत जास्त, इंजिन रूममधून चीफ इंजिनिअरचा फोन. आणि आमच्याकडे तर रडार होतं, जहाजाचं नाव आणि जागा आपोआप कळवणारं एआयएस होतं, प्रत्येक ठिपक्याला नाव होतं. इटालियन जहाजांवर त्या रात्री रडार नव्हतं. एकावरही नाही. ऑरोराकडे तोफांच्या नेमबाजीसाठी रडार होतं. पण गंमत अशी की कॉन्व्हॉय आधी दिसला तो डोळ्यांनीच.

का दिसला, याचं उत्तर चंद्राकडे होतं. त्याचाही हिशेब केला. 4 नोव्हेंबरला पौर्णिमा झाली होती, आपल्या पंचांगाप्रमाणे कार्तिकातली. म्हणजे 8 च्या रात्री वद्य पंचमीच्या आसपासचा चंद्र. दिवस मावळल्यावर काही तास अंधार, मग पूर्वेला चंद्र उगवतो आणि मध्यरात्रीपर्यंत चांगला वर येतो. हिशेबाने तो त्या वेळी जवळजवळ थेट पूर्वेला, क्षितिजापासून तीस-चाळीस अंशांवर होता. शीटच्या उजव्या कडेला मी पिवळ्या पेन्सिलीने गोळा काढला. दक्षिणेकडे जाणाऱ्या कॉन्व्हॉयच्या पश्चिमेला जो उभा राहील त्याला ती सात जहाजं चकाकत्या पाण्यावर कापून ठेवल्यासारखी दिसणार, आणि तो स्वतः मात्र अंधाऱ्या बाजूला. रात्रीच्या वॉचला चंद्राकडची होडी चार मैलांवरून दिसते आणि पाठीमागची अर्ध्या मैलावर आली तरी लुकआउट ओरडत नाही, हे कोकणच्या किनाऱ्यावरून मच्छीमारांच्या गर्दीतून जहाज काढलेल्या कुणालाही विचारा.

12:39 ला दिसल्यावर अॅग्न्यूने लगेच तोफा डागल्या नाहीत. पहिला गोळा सुटला 12:57 ला. मधली अठरा मिनिटं. वर्णनांत ही अठरा मिनिटं एका ओळीत उरकलेली असतात. माझ्या शीटवर त्यांनीच सगळ्यात जास्त खोडरबर खाल्लं. अठरा मिनिटांत कॉन्व्हॉय 2.7 मैल सरकला. तेवढ्या वेळात फोर्स केने वेग उतरवला, मागून वळसा घेतला आणि कॉन्व्हॉयच्या उजव्या मागच्या अंगाला येऊन चंद्र पलीकडे राहील अशी जागा धरली. वीस नॉट धरले तरी सहा मैलांचा प्रवास, तोही शत्रूच्या नाकासमोरून. तोफा सुरू झाल्या तेव्हा अंतर साधारण 5,200 मीटर, म्हणजे 2.8 मैल. आमच्या धंद्यात खुल्या समुद्रात एखादं जहाज पावणेतीन मैलांवर आलं की सेकंड मेट रडारवरून डोकं काढतो आणि दुर्बीण घेऊन ब्रिजच्या बाजूच्या उघड्या विंगवर जातो.

आणि मग ते तुटक वर्तुळ. फोर्स केची रेघ ओढत 12:57 च्या ठिपक्यापर्यंत नेली, तर ती कॉन्व्हॉयच्या त्याच अंगाला येऊन थांबली जिथे, कॉन्व्हॉयमधल्या माणसाच्या डोक्यातल्या नकाशात, ट्रिएस्टे आणि ट्रेंटो असायला हव्या होत्या. दोन मोठ्या आकृत्या, सोबत विनाशिका, उजव्या मागच्या अंगाला, कॉन्व्हॉयला समांतर चाललेल्या. मी पेन्सिल खाली ठेवली.

हे नुसत्या माझ्या शीटवरचं अनुमान नाही. युरो नावाची इटालियन विनाशिका त्या रात्री फोर्स केच्या दोन हजार मीटरच्या आसपास पोचली होती, टॉर्पेडो सोडायच्या जागी. तिच्या कप्तानाने समोरच्या क्रूझर पाहिल्या, त्या आपल्याच ट्रिएस्टे आणि ट्रेंटो आहेत असं धरलं आणि टॉर्पेडो सोडले नाहीत. चूक लक्षात आली तोवर संधी गेली होती. पुढे युरोला सहा गोळे लागले, ते न फुटताच आरपार गेले आणि जहाज वाचलं. या प्रसंगाबद्दल वाचताना कप्तानाचा राग येतो. शीट समोर ठेवून वाचलं तर येत नाही. मित्र जिथे असायचा तिथेच, मित्राच्याच आकाराचं काहीतरी दिसतंय. आपल्याच अॅडमिरलवर टॉर्पेडो सोडायची कुणाची छाती आहे?

आता दुसरी बाजू. अॅग्न्यूलाही हाच अंधार होता, मग त्याच्या माणसांना असा प्रश्न का पडला नाही? त्याने अंधार पडायच्या आधीच, किंबहुना माल्टात असतानाच, तो प्रश्न सोडवून ठेवला होता. चारही जहाजं एकामागोमाग एका रांगेत चालणार: ऑरोरा, लान्स, पेनेलोपी, लाइव्हली. रांग मोडायची नाही. म्हणजे पुढे-मागे आहे तो आपला, बाजूला दिसेल तो शत्रू. आधी सोबतीच्या विनाशिका, मग मालवाहू जहाजं, हाही क्रम ठरलेला. त्यामुळे ऐन लढाईत जवळजवळ सिग्नलच लागले नाहीत. आमच्याकडे प्रत्येक कॅप्टन झोपायला जाण्याआधी नाइट ऑर्डर बुकात लिहून सही करतो. बहुतेक जण 'शंका आली तर मला उठवा' एवढं लिहितात. मी ज्या एका जुन्या कॅप्टनच्या हाताखाली थर्ड मेट होतो ते मात्र शंका कुठली येईल तेच लिहून ठेवत. रात्री दोन वाजता ते वाचलं की डोक्याला काम उरत नसे, हाताला असे. अॅग्न्यूची तयारी त्या जातीची.

पुढची मिनिटं भराभर गेली, शीटवरही. पहिल्याच सलामीला ग्रेकाले ही विनाशिका जखमी होऊन थांबली. तिला नंतर ओरियानीने ओढून बंदरात नेलं. फुल्मिने पुढे सरसावली आणि थोड्याच वेळात बुडाली. माएस्त्रालेची रेडिओची एरियल उडाली, त्यामुळे बिश्यानीचा आवाजच गेला. ज्याने सगळ्यांना गोळा करायचं तोच मुका. कॉन्व्हॉयमध्ये काहींना सुरुवातीला हा विमानांचा हल्ला वाटला. फोर्स के उजवीकडून खाली उतरला, कॉन्व्हॉयच्या तोंडासमोरून वळला आणि दुसऱ्या अंगाने वर आला, वाटेत एकेक जहाज पेटवत. पहिले काही गोळे पडल्यावर चंद्राची गरजही राहिली नाही. दोनच्या सुमारास ते माल्टाच्या वाटेला लागले.

ब्रिव्होनेसीच्या क्रूझर काय करत होत्या? त्यांनी तोफा डागल्या, मोठे 203 मिलिमीटरचे गोळे दोनशेच्या आसपास सोडले, एकही लागला नाही. मग परतीच्या वाटेवर गाठू अशा हिशेबाने ते उत्तरेला वळले आणि संपर्क सुटला तो सुटलाच. त्याला आणि बिश्यानीला नंतर कमांडवरून दूर केलं गेलं. माझं मत विचाराल तर ब्रिव्होनेसीला पूर्ण सोडता येणार नाही. बारा नॉटवर नागमोडी फिरणाऱ्या जहाजाला वेग घ्यायला वेळ लागतो हे कबूल, पण ज्या अंगाला आपण आहोत त्याच अंगाने शत्रू येतो आणि आपल्याला गोळे पडेपर्यंत समजत नाही, याचा अर्थ लुकआउटची नजर कॉन्व्हॉयवर होती, समुद्रावर नव्हती. शिवाय मार्च 1941 मध्ये ग्रीसच्या केप माटापानजवळ रात्रीच्याच लढाईत इटलीने तीन जड क्रूझर गमावल्या होत्या. आठ महिन्यांत रात्रीचं शिक्षण सुधारायला हवं होतं. तो दोष एका अॅडमिरलचा नाही, त्याच्या वरच्यांचा आहे.

एवढं झाल्यावर मला राहवेना. एका प्रशिक्षण संस्थेत मी अधूनमधून कॅडेटना शिकवतो, तिथे ब्रिजचा सिम्युलेटर आहे. हाच व्यायाम तिथे लावला. रडार बंद, एआयएस बंद, जहाजांचे दिवे बंद. कॅडेटना लढाईचं नाव सांगितलं नाही. एवढंच सांगितलं: तू कॉन्व्हॉयच्या उजव्या अंगाची विनाशिका आहेस, तुझ्या मागे कुठेतरी आपली ट्रिएस्टे आणि ट्रेंटो ही दोन मोठी जहाजं आहेत, शत्रू येऊ शकतो. मग हळूच दोन आकृत्या आणून ठेवल्या.

"कोण आहे रे ते?"

"सर, आपलीच आहेत. ट्रिएस्टे."

"कशावरून?"

"तिथेच होती ना, सर."

जवळजवळ सगळ्यांचं हेच उत्तर. फरक एकच, कुणी लगेच दिलं, कुणी दुर्बीण लावून अर्ध्या मिनिटाने दिलं. रत्नागिरीकडचा एक पोरगा तेवढा वेगळा निघाला. त्याने विचारपूस न करता जे दिसलं त्यावर टॉर्पेडो सोडून दिले आणि खऱ्या ट्रिएस्टेला बुडवलं. वर्गात हशा पिकला. मी त्याला विचारलं, "का रे बाबा?" तो म्हणाला, "सर, सांगितलं होतं ना शत्रू येणार म्हणून." त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं.

यावरून आठवलं म्हणून सांगतो. टक्कर टाळायच्या वेळी व्हीएचएफ रेडिओवर 'माझ्या पोर्ट बाओवरचं (डाव्या पुढच्या अंगाचं) जहाज' अशी हाक मारू नका असं आम्ही पोरांना सांगून थकतो. हाक मारतो एकाला, ओ देतो दुसराच, आणि दोघं मिळून तिसऱ्यावर जहाज घालतात. आपल्या मनात जो तिथे आहे तोच तिथे आहे, ही खात्री रडार असतानाही सुटत नाही.

लढाईचे परिणाम सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. सकाळी वाचलेल्यांना पाण्यातून काढत असताना लिबेच्चिओ या विनाशिकेला ब्रिटिश पाणबुडी अपहोल्डरने टॉर्पेडो मारला आणि तीही गेली. त्या नोव्हेंबरात इटलीहून लिबियाला निघालेल्या मालापैकी साठ टक्क्यांच्या वर माल समुद्रात गेला. 18 नोव्हेंबरला ब्रिटिशांची क्रूसेडर मोहीम सुरू झाली, तिच्यात चौथी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यासोबत मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियनही लिबियाच्या वाळूत लढली. डुइसबुर्गच्या पोटातली वाहनं आणि त्या दोन टँकरमधलं इंधन ट्रिपोलीला उतरलं असतं तर कुणासमोर उभं राहिलं असतं, ते यावरून समजावं. आणि फोर्स केचं म्हणाल तर तो फार टिकला नाही. 19 डिसेंबरला ट्रिपोलीजवळ दुसऱ्या कॉन्व्हॉयच्या शोधात असताना तो सुरुंगांत शिरला. ऑरोरा आणि पेनेलोपी जखमी झाल्या, विनाशिका कंदाहार गेली. नेपच्यून ही क्रूझर बुडाली आणि तिच्यावरच्या सातशेहून जास्त माणसांपैकी एकच वाचला.

माझं शीटवरचं काम इथे संपायला हरकत नव्हती. पण 'मेंढरं' हा शब्द डोक्यातून जाईना. मालवाहू जहाजांनी पळायचा प्रयत्नच केला नाही, आपली पाळी येईपर्यंत सरळ चालत राहिली, असं सगळीकडे लिहिलेलं. आरमारवाल्यांच्या चुकांवर मी बोलायचं की नाही हा प्रश्न असेल. मालवाहू जहाजावरच्या कॅप्टनबद्दल बोलायचा मला हक्क आहे. म्हणून शेवटची शीट त्यांच्यासाठी घेतली.

समजा 12:57 ला पहिला गोळा पडताक्षणी उजव्या रांगेतल्या एका कॅप्टनने ठरवलं की पळायचं. कुठे? पश्चिमेला तोफा आहेत, म्हणजे पूर्वेला. सुकाणू डावीकडे भिडवलं. डाव्या रांगेतलं जहाज तिथेच आहे, दिवे बंद, तेही नऊ नॉटने चाललेलं. त्याच्या मागून काढायचं म्हटलं तर त्याच्या मागच्याच्या पुढून जावं लागणार. कॉन्व्हॉयमध्ये हुकमाशिवाय रांग मोडली तर गोळ्याआधी शेजारी लागतो. धरू की तो नशीबवान, कुणाला न ठोकता बाहेर पडला. भरलेल्या जहाजाला वळायला लागणारा वेळही त्याला माफ करू. सहा मिनिटांत तो पूर्वेला 0.9 मैल गेला. तेवढ्या वेळात फोर्स के दक्षिणेला 2 मैल उतरून त्याच्या बरोबरीला आला. डिव्हायडर लावला. सुरुवातीला अंतर 2.8 मैल होतं. सहा मिनिटांनी 2.9.

एक दशांश मैल. आणि हे मिळवताना त्याने तोंड चंद्राकडे केलेलं, म्हणजे चकाकत्या पट्ट्यात अगदी मधोमध. सहा इंची तोफेचा पल्ला बारा मैलांवर. फोर्स के जागच्या जागी उभा राहिला असता तरी त्या पल्ल्याबाहेर जायला याला तासाहून जास्त लागला असता, आणि फोर्स के वीस नॉटने चालत होता. पश्चिमेला वळला असता तर तोफांच्या दिशेनेच गेला असता. थांबला असता तर मागचं जहाज चढलं असतं.

टँकरवर असताना मी वेगळ्या मालाबरोबर, पण तसल्याच वेगाने खूप रात्री काढल्यात. कोंते दि मिसुराताच्या ब्रिजवरचा माणूस सरळ चालत राहिला. शीटवर मी त्याला दुसरा कुठलाही कोर्स देऊन पाहिला, त्यातला एकही त्याला ट्रिपोलीला नेत नाही.